पटावरचे नाव

जून उजाडला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शिक्षकांच्या पायाला भिंगरी लागते. पटनोंदणी करायची असते. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली कातकरी कुटुंबे नुकतीच वाडीवर परतलेली असतात. ठाकूरवाडीत राबात भात पेरायची घाई चाललेली असते. गुरुजी किंवा बाई दारात उभ्या राहतात आणि विचारतात, पोराचे नाव लिहू ना?

कोणत्या पटावर, याचे उत्तर मात्र इथे एक नाही. आसनगावला उतरून डोळखांबच्या रस्त्याला लागा, किंवा मुरबाडहून टोकावड्यावरून माळशेजकडे निघा. रस्त्याच्या कडेला जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा दिसते, शासकीय आश्रमशाळा दिसते, एखाद्या संस्थेची अनुदानित आश्रमशाळा दिसते, कुठे वसतिगृह दिसते. जुन्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे २०१४ साली पालघर वेगळा होण्याआधीच्या जिल्ह्यात, अशा पाट्यांची रांग थेट तलासरी-डहाणूपर्यंत लागते. त्यांतल्या कित्येक पाट्यांमागे एकेक चळवळ उभी आहे. गांधीवाद्यांनी शाळा काढल्या, लाल बावट्याने काढल्या, ख्रिस्ती मिशनने काढल्या, हिंदुत्ववादी संघटनांनी काढल्या. एकमेकांशी कधीच न पटलेल्या या मंडळींचे एका गोष्टीवर एकमत होते. डोंगरातल्या माणसाला आपलेसे करायचे तर आधी त्याचे मूल आपल्या शाळेत यायला हवे.

असे का व्हावे? या प्रश्नाचे सगळ्यात ठळक उत्तर जगाच्या इतिहासात एका दूरच्या प्रदेशाने दिले आहे. आधी तिकडे जाऊ आणि मग आपल्या डोंगरात परतू.

एक पाद्री, एक पंतोजी

एकोणिसाव्या शतकात मॅसिडोनिया हा प्रदेश ऑटोमन म्हणजे तुर्की सुलतानाच्या राज्यात होता. सुलतान प्रजेची गणना भाषेवरून करीत नसे, धर्मावरून करी. प्रत्येक धर्मसमूहाला ‘मिल्लेत’ म्हणत. लग्न, वारसा, शाळा हे सारे त्या त्या मिल्लेतच्या धर्मपीठाकडे सोपवलेले असे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती प्रजा इस्तंबूलच्या महाधर्मगुरूच्या, म्हणजे पॅट्रिआर्कच्या हाताखाली होती आणि त्याच्या पीठावर ग्रीक भाषेचे वर्चस्व होते. खेड्यातला शेतकरी घरात स्लाव बोली बोले, चर्चमध्ये ग्रीक प्रार्थना ऐके आणि कोणी विचारले तर स्वतःला नुसता ‘ख्रिस्ती’ म्हणवून घेई. राष्ट्र नावाची वस्तू त्याच्या दारात अजून आली नव्हती.

ती आली १८७० साली. सुलतान अब्दुल अझीझने फर्मान काढून बल्गेरियन लोकांना स्वतंत्र धर्मपीठ दिले. त्याला एक्झार्केट म्हणतात. फर्मानात एक कलम असे होते की ज्या भागातले दोन तृतीयांश ख्रिस्ती रहिवासी मागणी करतील, तो भाग या नव्या पीठाकडे जाईल. कागदावर हे कलम न्यायाचे दिसते. प्रत्यक्षात त्याने प्रत्येक गावाला मतदानाचे मैदान करून टाकले. १८७४ मध्ये स्कोप्ये आणि ओह्रिड या भागांनी नव्या पीठाच्या बाजूने कौल दिला. त्याआधीच, १८७२ मध्ये, इस्तंबूलच्या पॅट्रिआर्कने या नव्या पीठाला धर्मबाह्य ठरवले होते. ती फूट सांधली जायला १९४५ साल उजाडावे लागले.

दोन तृतीयांश माणसे आपल्या बाजूची कशी करायची? गावात पाद्री पाठवायचा आणि पंतोजी पाठवायचा. पाद्री बारशाच्या आणि लग्नाच्या नोंदी ठेवी, पंतोजी पट ठेवी. अथेन्समध्ये १८६९ साली ग्रीक विद्येच्या प्रसारासाठी मंडळ निघाले. बेलग्रेडमध्ये १८८६ साली संत साव्हाच्या नावाने सर्बियन मंडळ निघाले. थेस्सालोनिकीत १८८० साली बल्गेरियन मुलांचे हायस्कूल सुरू झाले. रुमानियानेही पैसा ओतला, कारण डोंगरात मेंढ्या राखणाऱ्या व्लाख लोकांची बोली रुमानियनच्या कुळातली होती. अल्बेनियन भाषेतली शाळा १८८७ साली कोर्चा गावात उघडली. शिक्षण फुकट, पुस्तके फुकट, राहणे-जेवण फुकट, हुशार मुलाला राजधानीत शिष्यवृत्ती. गरीब बापाने काय करावे? जिथे मुलाचे पोट भरेल आणि डोके चालेल तिथे त्याने मुलाला घातले. इंग्रज पत्रकार ब्रेल्सफर्ड याने १९०६ साली या प्रदेशावर पुस्तक लिहिले. एकाच बापाचे मुलगे वेगवेगळ्या शाळांत जाऊन वेगवेगळ्या राष्ट्रांचे झाले, अशी घरे त्याने नोंदवली आहेत. दहा लाख फ्रँक हाती असतील तर हा सारा मुलूख फ्रेंच करून दाखवता येईल, असे एका फ्रेंच वाणिज्यदूताचे मतही त्याने सांगितले आहे. माणसे विकाऊ होती, असा याचा अर्थ नव्हे. शाळेची भूक किती खरी होती, हे त्यातून कळते.

मग आकड्यांची लढाई सुरू झाली. बल्गेरियन शाळांचे निरीक्षक वासिल कांचोव्ह यांनी १९०० साली मॅसिडोनियात सुमारे ११ लाख ८१ हजार बल्गेरियन मोजले. सर्बियाच्या बाजूने गोप्चेविच यांनी १८८९ साली त्याच मुलखात सुमारे २० लाख ४८ हजार सर्ब मोजले होते आणि बल्गेरियन भरले होते अवघे ५७ हजार ६००. १९०४ च्या ग्रीक गणनेत साडेसहा लाखांवर ग्रीक निघाले. माणसे तीच, शेते तीच, घरातली बोलीही तीच. एकाने बोली मोजली, दुसऱ्याने चालीरीती, तिसऱ्याने शाळा आणि चर्च. मोजणाऱ्याच्या हातात त्याला हवे असलेले उत्तर आधीच होते.

अशा शाळांतून फक्त कारकून बाहेर पडत नाहीत. थेस्सालोनिकीच्या हायस्कुलात गोत्से देल्चेव्ह शिकला आणि पुढे श्टिप गावात मास्तर झाला. मास्तरकी करता करताच त्याने गुप्त क्रांतिकारी संघटनेचे जाळे विणले. १९०३ च्या मे महिन्यात तुर्की सैनिकांशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इलिन्देनचा उठाव झाला. उठाव चिरडला गेला. पुढची वर्षे प्रतिस्पर्धी टोळ्या एकमेकांचे पाद्री आणि पंतोजी वेचून मारत राहिल्या. शेवटी १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत मुलूख तीन राज्यांनी वाटून घेतला आणि प्रत्येकाने आपल्या वाट्यातल्या दुसऱ्याच्या शाळा बंद केल्या. १९२५ साली राष्ट्रसंघाच्या दडपणाखाली ग्रीसने स्लाव बोली बोलणाऱ्या मुलांसाठी ‘अबेसेदार’ नावाची एक बाराखडीची चोपडी छापली. ती वर्गात कधी पोचलीच नाही. पन्नास वर्षे सगळ्यांनी ज्या मुलांसाठी झुंज घेतली, त्या मुलांच्या घरच्या बोलीतले पुस्तक गोदामात राहिले. ही चोपडी लक्षात ठेवावी. आपल्याकडची गोष्ट सांगताना तिची गरज लागेल.

कोळवणातली हाक

आता परत येऊ. शहापूर तालुक्याला पूर्वी कोळवण म्हणत. महादेव कोळी, क-ठाकूर, म-ठाकूर, कातकरी, वारली यांचा हा मुलूख. १९३५ च्या कायद्याखाली इंग्रज सरकारने मुंबई प्रांतातले काही भाग ‘अंशतः वगळलेले’ म्हणून वेगळे काढले. तिथे प्रांतिक कायदे गव्हर्नरच्या मर्जीने लागू व्हायचे. ठाणे जिल्ह्यातून त्यात शहापूर व डहाणू हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे आले. मुरबाड त्यात नव्हता. आजही अनुसूचित क्षेत्रात शहापूर तालुका पूर्ण आहे, तर मुरबाडची फक्त ७७ गावे आहेत. शेजारच्या दोन वाड्यांमधून कायद्याची रेघ जाते ती अशी.

१९३७ साली बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबईत आले. त्यांच्या सरकारने डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याला या भागांची पाहणी करायला सांगितले. त्याचा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. सावकाराचे न फिटणारे कर्ज, लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपोटी आयुष्यभराची चाकरी, जंगल ठेकेदारांची आणि जमीनदारांची वेठ, हे सारे त्यात सरकारी भाषेत नोंदवले गेले. वहीत काय लिहिले आहे ते वाचता येत नाही, म्हणून अंगठा देणारा माणूस पिढ्यान् पिढ्या बांधला जातो, ही गोष्ट मुंबई-पुण्याच्या सुशिक्षितांना बोचली. शाळेची निकड इथून सुरू होते. बाल्कनमध्ये शाळा राष्ट्र घडवायला निघाली होती. इथे ती आधी वही वाचायला शिकवण्यासाठी निघाली. हा फरक मोठा आहे आणि तो विसरता कामा नये.

खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले. त्यामागे ठक्करबाप्पांचे उदाहरण होते. बाप्पांनी १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढले होते आणि आश्रमशाळेचा एक नमुना घालून दिला होता. पहाटेची प्रार्थना, सूतकताई, शेतकाम, स्वच्छता, दारूबंदी, आणि त्याबरोबर अक्षर. मूल घरातून उचलून आश्रमात ठेवायचे, त्याला नवा माणूस करायचे आणि त्याच्यामार्फत गाव बदलायचे, ही त्यामागची श्रद्धा. बोर्डीला आचार्य भिसे यांनी हायस्कूल उभे केले आणि आदिवासींची सेवा हेच आयुष्य मानले.

दुसरी हाक आली ती टिटवाळ्याहून. ७ जानेवारी १९४५ रोजी तिथे महाराष्ट्र किसान सभेची पहिली परिषद भरली. शहापूर-मुरबाडच्या उंबरठ्यावरचे हे गाव. उंबरगावकडून आलेले काही वारली त्या परिषदेत उभे राहिले आणि त्यांनी आपली वेठबिगारी सांगितली. किसान सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या मुलखात गेले. २३ मे १९४५ रोजी झरी गावच्या सभेला हजारो वारली जमले आणि वेठ संपवण्याची शपथ झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी त्यात पडले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक या लढ्याचे आहे. लाल बावट्याची शाळा आधी सभेत भरली, नंतर इमारतीत. पुढे याच चळवळीतून आदिवासी प्रगती मंडळ निघाले, त्याच्या शाळा आणि वसतिगृहे झाली, आणि आज तलासरीच्या महाविद्यालयाला गोदावरीबाईंचेच नाव आहे.

तिसरी हाक मिशनची. तलासरीत जेझुइट धर्मगुरूंचे ज्ञानमाता सदन आणि त्याचे वसतिगृह उभे राहिले. चौथी हाक साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आली. कल्याणचे माधवराव काणे तलासरीला जाऊन राहिले आणि विश्व हिंदू परिषदेच्या वसतिगृहात मुले सांभाळू लागले. तालुक्याचे एक छोटे गाव आणि त्यात तीन विचारांची तीन वसतिगृहे! मॅसिडोनियातल्या एखाद्या बाजारगावात ग्रीक, बल्गेरियन आणि सर्ब शाळा समोरासमोर असत, त्याची आठवण व्हावी असेच हे चित्र. त्याचा परिणामही तसाच दिसला. डहाणू मतदारसंघाने १९७७ मध्ये लहानू कोम यांना मार्क्सवादी पक्षाचे खासदार म्हणून लोकसभेत पाठवले आणि १९९६ मध्ये चिंतामण वनगा यांना भाजपचे खासदार म्हणून.

शाळा काढणाऱ्याला शाळाच बदलून टाकते, हेही इथे घडले. तलासरीच्या मिशनमध्ये काम करणाऱ्या काही जेझुइटांना वाटू लागले की वसतिगृह चालवून जमिनीचा प्रश्न सुटत नाही. ते बाहेर पडले आणि १९७८ साली त्यांच्या पुढाकाराने कष्टकरी संघटना उभी राहिली. देल्चेव्हचा मास्तर ते क्रांतिकारक हा प्रवास आपल्यालाही अनोळखी नाही. मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याशी २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवाल हे माथेरानचे वकील. विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे नायक म्हणून त्यांना सगळे ओळखतात. त्याआधी त्यांनी कर्जत-नेरळच्या शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यबँका काढल्या होत्या, ही त्यांच्या आयुष्यातली तेवढीच महत्त्वाची गोष्ट आहे.

शहापूर-मुरबाडमध्ये ही चढाओढ तलासरीइतकी धारदार झाली नाही. इथल्या संघटना, म्हणजे मुरबाडची श्रमिक मुक्ती संघटना किंवा वसईकडून आलेली श्रमजीवी संघटना, जमीन, जंगल, मजुरी आणि वेठमुक्ती या प्रश्नांवर वाढल्या. शाळा त्यांच्यामागून आली. पण हेतू तोच होता. ज्याला वाचता येते त्याला फसवणे अवघड जाते.

तुम्ही कोण, हे कोणी ठरवायचे?

प्रत्येक चळवळीने शाळेबरोबर एक नावही आणले. ठक्करबाप्पा आणि त्यांच्या पिढीने ‘आदिवासी’ हा शब्द रूढ केला. या भूमीचे मूळ रहिवासी, असा त्यात मान आहे. हिंदुत्ववादी संघटनांनी ‘वनवासी’ म्हटले. वनात राहणारा हिंदूच, असा त्यात दावा आहे. कुठे ‘गिरिजन’ झाले, गुजरातेत ‘रानीपरज’ झाले. किसान सभेला त्यांच्यात आधी शेतकरी आणि मजूर दिसला. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली त्यांना ‘मागासलेले हिंदू’ ठरवले. त्याच काळात व्हेरिअर एल्विन, जे १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात तरुण धर्मसेवक म्हणून आले आणि पुढे चर्च सोडून गोंडांमध्ये राहिले, ते सांगत होते की या माणसांना त्यांच्या पद्धतीने जगू द्या. विद्वानांचा हा वाद आणि मॅसिडोनियातली ती आकड्यांची लढाई यांत फार अंतर नाही. दोन्हीकडे माणसे बाजूला उभी आहेत आणि त्यांच्या नावाचा निवाडा दुसरेच करत आहेत.

वाडीवर जाऊन विचारले तर उत्तर साधे मिळते. आम्ही ठाकूर. आम्ही कातकरी. आम्ही वारली. त्यांच्या बोलीही आहेत. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीतल्या मराठीच्या खंडात, १९०५ साली, ठाकरी, काथोडी आणि वारली यांचे नमुने छापले गेले. म्हणजे खेरांचे मंडळ निघण्याच्या पस्तीस वर्षे आधी या बोलींचा लेखी पुरावा तयार होता. तरी त्यानंतर निघालेल्या शाळा बहुतेक प्रमाण मराठीतच चालल्या. गांधीवाद्यांची प्रार्थना, कम्युनिस्टांचे गाणे, मिशनची स्तोत्रे आणि वसतिगृहातली श्लोकपठणे यांत तत्त्वज्ञानाचे आकाशपाताळाएवढे अंतर होते. पण कातकरी मूल पहिल्या दिवशी ज्या शब्दांनी बोलते, त्या शब्दांना यांतल्या फार थोड्यांनी फळ्यावर जागा दिली.

डांग आणि उंबरगाव

आपल्याकडे शाळेच्या भाषेवरून थेट सीमेचा प्रश्न उभा राहिला तो डांगमध्ये. शहापूरच्या उत्तरेला, सुरगाण्याच्या पलीकडचा हा सागाच्या जंगलांचा मुलूख. भिल्ल राजांची छोटी संस्थाने, घरात डांगी बोली. ग्रियर्सनने तिला खानदेशीच्या, म्हणजे अहिराणीच्या गटात घातले. मराठी आणि गुजराती यांच्या मधला हा पूल. १९४८ साली डांग मुंबई राज्यात वेगळा जिल्हा म्हणून आला. तोवर तिथल्या शाळांत मराठी चालत होती.

१९४९ साली मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी डांगचा दौरा केला. इथली बोली गुजरातीला जवळची आहे, असा निष्कर्ष जाहीर झाला आणि शाळांचे माध्यम गुजराती करण्याची वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात संताप उसळला. एका बाजूने नाशिकच्या डांग सेवा मंडळाचे कार्यकर्ते आदिवासींमध्ये मराठी शाळा चालवत होते. दुसऱ्या बाजूने छोटुभाई आणि घेलुभाई हे नायक बंधू डांगमधल्या आहव्याला येऊन राहिले होते आणि गुजराती शाळा उभारत होते. आहव्यात अमेरिकन ब्रेदरन मिशन तर १९०७ पासूनच होते. दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते सचोटीचे होते. त्यांनी आयुष्ये दिली, यात शंका नाही. तरीही खडू कोणत्या भाषेत चालतो यावर जिल्हा कोणाचा ते ठरणार, हे दोघांनाही ठाऊक होते. १ मे १९६० रोजी डांग गुजरातेत गेला.

त्याच दिवशी ठाणे जिल्ह्यातला उंबरगाव तालुकाही चिरला गेला. त्याची बरीच गावे सुरत जिल्ह्यात गेली आणि उरलेली महाराष्ट्रात राहिली. तलासरी तालुका त्या उरलेल्या भागातून घडला. १९४५ साली ज्यांनी एकाच लढ्यात एकाच बावट्याखाली शपथ घेतली, त्या वारल्यांची नातवंडे पुढे दोन राज्यांत वाटली गेली. घरात वारली बोली दोघांची तीच. शाळेत एकाची बाराखडी बहुधा गुजराती, दुसऱ्याची मराठी. रेघ ओढताना त्यांच्या बोलीला कोणी साक्षीला बोलावले नाही.

इथे बाल्कन का झाले नाही?

एवढी चढाओढ असून आपल्या डोंगरांत पाद्री आणि पंतोजी मारले गेले नाहीत, हे आपले भाग्य. त्यामागे तीन कारणे दिसतात. पहिले, १९५२ पासून पाड्यावरच्या प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. मॅसिडोनियात दोन तृतीयांश माणसे एकदा मोजली की गाव एका पटावर जाई. इथे दर पाच वर्षांनी मन बदलायची सोय होती. दुसरे, चारही चळवळींच्या पाठीशी शेजारचे सशस्त्र राज्य नव्हते. डांग आणि उंबरगावचा निकालही अखेर संसदेच्या कायद्याने लागला. तिसरे, राज्याने आपली शाळा मधे आणून उभी केली. १९७२-७३ पासून महाराष्ट्रात शासकीय आश्रमशाळांची योजना सुरू झाली. पुढे शहापूरला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आले. शाळा हा एका चळवळीचा मक्ता राहिला नाही. आई-बापाला एका संस्थेतून मूल काढून दुसरीकडे घालता आले, आणि पुष्कळांनी तसे केले.

या चढाओढीचा नफाही मोजला पाहिजे. हाका मारणारे इतके नसते तर डोंगरात शाळा किती उशिरा पोचली असती, याचा विचार करावा. या वेगवेगळ्या पटांवरून बाहेर पडलेल्या मुलांनी पुढे सात-बारा वाचला, १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या स्वशासनाचा कायदा ग्रामसभेत वाचून दाखवला, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे भरले. सिमिंग्टनच्या अहवालातला अंगठा त्यांनी सहीत बदलला. कोणत्या पाटीखाली शिकले याने त्या सहीचे मोल कमी होत नाही.

मुलाजवळ गेलेली शाळा

तरी या साऱ्या गोष्टीत मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या दोन शाळा, ज्यांनी मूल कोणाचे हे विचारले नाही. मूल कुठे आहे, एवढेच विचारले.

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. झरीची सभा झाली तेच वर्ष आणि तोच मुलूख. बालवाडी उघडली तर वारल्यांची मुले येईनात, कारण धाकटी भावंडे कडेवर असायची आणि गुरे राखायची असायची. मग ताराबाईंनी बालवाडी पाड्यावर नेली, कोणाच्या तरी अंगणात भरवली. आज देशभर रुजलेला अंगणवाडी हा शब्द या अंगणातला आहे. गुराखी मुलांसाठी त्यांनी कुरणात शाळा भरवली आणि तिला कुरणशाळा म्हटले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. शंख-शिंपले, पाने, बिया, काटक्या हेच त्यांचे साहित्य होते. गाणी आणि गोष्टी मुलांच्या ओळखीच्या जगातून यायच्या.

दुसरी शाळा भोंगाशाळा. वीटभट्टीवर मजूर ज्या कच्च्या खोपटात राहतात त्याला भोंगा म्हणतात. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भट्टीवरच, भोंग्यांच्या शेजारी, मजुरांच्या मुलांसाठी शाळा भरवायला सुरुवात केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा कोसबाडचा धडाच तिथे विटांच्या धुळीत पुन्हा गिरवला गेला. शहापूर-मुरबाडच्या कातकऱ्यांसाठी याचे मोल फार आहे. त्यांचे मूल जूनमध्ये पटावर असते आणि दिवाळीनंतर भट्टीवर. पट भरलेला दिसतो, बाक रिकामा असतो.

पटावर नाव लिहून घेणे हे पाद्र्याला जमले, पंतोजीला जमले, पक्षाला जमले, सरकारलाही जमले. त्या मुलाची बोली वर्गात आणणे मात्र आजही राहून गेले आहे. कायदा तर आपल्या बाजूने आहे. राज्यघटनेतले ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करा, असे राज्यांना सांगते. ते १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले. भाषावार राज्यांचा पाया घालणारी दुरुस्ती हीच. ज्यांनी मोठ्या भाषांना राज्ये दिली, त्यांनीच त्याच कागदावर छोट्या भाषांच्या मुलांना वचन दिले होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शक्य तेथवर माध्यम मातृभाषा असावे असे म्हटले आहे. २०१३ साली मराठीत आलेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात या बोली पुन्हा नोंदवल्या गेल्या. पुरावा आहे, वचन आहे, कायदा आहे.

म्हणून एक विनंती. येत्या जूनमध्ये शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर पटनोंदणीला जाणारे शिक्षक हे पान वाचत असतील, तर त्यांनी मुलाच्या नावापुढे आणखी एक गोष्ट लिहून घ्यावी: घरी कोणती बोली बोलतात. आणि पहिल्या आठवड्यात त्या बोलीतले दहा शब्द स्वतः शिकून फळ्यावर लिहावेत. तेवढ्याने अबेसेदारची चोपडी गोदामातून बाहेर येईल. मूल कोणाचे, या जुन्या भांडणाचा निकाल त्या फळ्यापाशी लागेल. मूल त्याच्या आईचे आहे आणि त्याची पहिली भाषा तिच्याकडून आलेली आहे.